रहीमच्या गाडीचा कोळशाचा डबा

७ जानेवारी, मंगळवार

कामिनीने धुळ्याहून ही वही आणून दिली. म्हणाली, आबा, तुमच्या आता लक्षात राहत नाही, रोज दोन ओळी लिहीत जा. मला लिहायची सवय फक्त पत्राची. आणि पत्र म्हटलं की आधी खुशाली. तर तसंच करतो.

कुंदाबाई, तुमचा गुडघा कसा आहे? (सकाळी तोंडी विचारलं तर म्हणाली, "तुमच्या गॅरेजपेक्षा बरा.") कामिनी, घसा सुटला का? चौथीच्या पोरांवर ओरडून शहाणपण येत नसतं, आपलाच आवाज जातो. जावईबापू हितेंद्र, पाठ काय म्हणते? कॉम्प्रेसर, तुझी धाप? अजून आहे. तुझं माझं वय गॅरेजच्या हिशेबाने सारखंच. रहीम, तुझं काय विचारायचं? तू हाडाचा काटक, तुला कधी काही होत नाही.

माझं म्हणाल तर नाक चालतं, कान चालतात, पाय कुरकुरतात. सकाळी शटर वर करताना वाटतं, हे रोज कोण जड करून ठेवतं.

झाल्या दोन ओळी.

९ जानेवारी, गुरुवार

आज रहीमच गिऱ्हाईक झाला. नशिराबादला हायवेलगत या शेडमध्ये आम्ही दोघे एक्केचाळीस वर्षं आहोत. पेट्रोल आणि धूर माझ्याकडे, वायर आणि दिवे त्याच्याकडे. कुणी कुणाच्या खात्यात हात घालायचा नाही, म्हणून टिकलो.

त्याची पांढरी गाडी तेरा वर्षांची. परवा सुरतेहून आला. तिथे त्याचा मुलगा फैज गाड्यांच्या एसीचं काम करतो, नातू आता वर्षाचा झाला. वाटेत पंपावर टाकी भरली आणि गाडी सुरूच होईना. दहा-बारा वेळा चावी मारली, मग काळा धूर ओकून लागली. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा.

"धूर म्हणजे पेट्रोल," रहीम म्हणाला. "तुझं खातं."

"दिवा म्हणजे वायर. तुझं."

"तोता, तू म्हातारपणी लबाड झाला." मला तोता तो एकटाच म्हणतो, बाकी सगळे नाना.

"पहिल्यापासून होतो. तुझं लक्ष आता गेलं."

स्कॅनर लावला. हे यंत्र मी साठीनंतर शिकलो, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून. ते म्हणालं, मिक्स्चर रिच आहे. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. प्लग काढले तर चुलीतल्या लाकडासारखे काळे. घासून बसवले, पहिल्या चावीला लागली. थंडीचा खेळ असेल.

जाताना म्हणाला, "रमजानच्या आत गाडी चोख करून दे. यंदा रोजे सुरतेला धरणार." नातवाचं वेड लागलंय माणसाला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रहीमची बायको, जैनब भाभी, तिळगूळ घ्यायला आली आणि जाताना तिची मोठी देग ठेवून गेली, लग्नातल्या बिर्याणीची. कुंदाला म्हणाली, आमच्याकडे जागा अडते, भाभी, तुम्ही वापरा. कुंदाने देग आत नेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आम्ही दोन माणसं, त्या देगेत काय शिजवणार? बायकांचा देण्याघेण्याचा व्यवहार मला कधी कळला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

रहीम परत सुरतेला जाऊन आला. परत तेच. भरल्या टाकीवर गाडी लागत नाही, टाकी थोडी उतरली की शहाण्यासारखी लागते. हे विचित्र. माणूस उपाशी कुरकुरतो, ही जेवून कुरकुरते.

दिवसभर तिच्यामागे होतो. पेट्रोलचा दाब बरोबर. इंजेक्टर गळत नाहीत. मग नाकाने काम सुरू केलं. बॉनेटमधून कच्च्या पेट्रोलचा वास येत होता, पण ओल कुठेच नाही. म्हणजे वाफ.

पुढे कधी विसरलो तर म्हणून लिहून ठेवतो. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. जुन्या गाड्या ती खुशाल हवेत सोडायच्या. आता ते चालत नाही. आता ती वाफ एका कोळशाच्या डब्यात मुरवतात, आणि इंजिन गरम झालं की एक छोटा व्हॉल्व्ह उघडून थोडी थोडी इंजिनाला पाजतात. चावी मारताना तो बंद पाहिजे. मी त्याची नळी काढून तोंडावर अंगठा दाबला आणि रहीमला चावी मारायला सांगितलं. पहिल्या चावीला लागली. व्हॉल्व्ह काढून फुंकला तर फुंकर आरपार. मिटतच नव्हता.

रहीमने त्याची वायर तपासली. टेस्टरची पिन त्याच्या बोटातून दोनदा निसटली. म्हणाला, "धर रे जरा, थंडीने बोटं वळत नाहीत." मी धरली. वायर ठीक होती. नवा व्हॉल्व्ह टाकला. काम फत्ते.

१ फेब्रुवारी, शनिवार

रहीमला काय झालंय कळत नाही. चार दिवस गॅरेजच्या फ्यूजबोर्डावर कागदाच्या पट्ट्या चिकटवतोय. कुठली वायर कॉम्प्रेसरची, कुठली जॅकची. आज मला बसवून रिले कसा तपासायचा ते शिकवायला लागला. मी म्हणालो, मला काय करायचंय, तू आहेस ना?

"असावं लिहिलेलं," तो म्हणाला.

आमच्या कामिनीसारखंच. सगळ्यांना आता लिहून ठेवायची हौस आली.

त्याच्या घराला चुनाही मारतायत. माघात कोण चुना मारतं? ईदला मारायचा तो आत्ता मारला. विचारलं तर म्हणाला, घर स्वच्छ दिसावं. कुणाला दिसावं, ते मी विचारलं नाही. दुपारी वांग्याचं भरीत त्याच्या डब्यात वाढलं तर नेहमीसारखं तिखटाला नावं ठेवली नाहीत. सगळं खाल्लं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी परत आली. म्हणजे मी हरलो.

रहीम सकाळी पीयूसी काढायला गेला होता. पीयूसीवाल्याने धुराड्यात नळी घातली, यंत्राकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. रहीम गाडी घेऊन थेट माझ्याकडे. चावी माझ्या टेबलावर ठेवली. चावी ठेवताना ती खाली पडली, मीच उचलली.

नवा व्हॉल्व्ह काढला. परत अर्धवट उघडा. झटकला तर आतून काळी बारीक खडी पडली, मोहरीएवढी. ती अडकते, म्हणून व्हॉल्व्ह मिटत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं. व्हॉल्व्ह बिचारा निरपराध. ही खडी म्हणजे डब्यातला कोळसा. डबा आतून फुटतोय.

एवढ्या वर्षांत डबा फुटलेला मी दोनदाच पाहिला. उद्या अंग चालेल असं वाटत नाही. परवा खाली उतरवून बघतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डबा उतरवला. टाकीजवळ असतो, गाडीखाली आडवं पडावं लागतं, उठताना कुंदाला हाक मारावी लागली. चांगला डबा हातात रिकाम्या टिफिनसारखा लागतो. हा ओल्या विटेसारखा जड. उलटा केला तर पेट्रोल ठिबकलं.

आता सगळं उलगडलं. डब्यात वाफ जायला पाहिजे, याच्यात पेट्रोलच जात होतं. आणि पेट्रोल जातं ते एकाच कारणाने. टाकी नरड्यापर्यंत भरली की.

आपल्या खान्देशी माणसाची ही खोड. प्रत्येकाचं कुणी ना कुणी सुरतेला. परतताना नवापूर यायच्या आधी, गुजरातच्या शेवटच्या पंपावर पेट्रोल स्वस्त, म्हणून टाकी भरून घ्यायची. पंपाची नळी खटक करून आपोआप थांबते, ती पहिली खूण, तिथे थांबायचं असतं. पण आपण थांबत नाही. गाडीला कुल्ल्याने धक्के मारायचे, बुडबुडे काढायचे, परत नळी लावायची, काठोकाठ पेट्रोल दिसेपर्यंत. मी शंभर जणांना हे करू नका म्हणून सांगितलं. सांगताना रहीम शेजारी उभा असायचा. वर तोच म्हणायचा, "नाना सांगतात ते ऐका."

आणि त्याने स्वतः तेच केलं. ठीक, माणूस आहे. पण मला दुसरंच खटकलं. दोन-तीनदा काठोकाठ भरून डबा असा होत नाही. कोळसा भिजतो, वाळतो, परत भिजतो, तेव्हा कुठे त्याची खडी होते. आठ-दहा वेळा तरी हवं, तेही लागोपाठ. रहीमने मला सुरतेच्या फेऱ्या सांगितल्या तीन. दिवाळीनंतरची एक आणि या दोन. बाकीच्या वेळी तो 'भुसावळला चाललो', 'फैजपूरला साडूकडे चाललो' म्हणायचा.

नातवाला भेटायला लाजायचं काय कारण?

संध्याकाळी त्याने विचारलं, "सापडलं का?"

मी म्हणालो, "अजून नाही."

डबा बाकाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. खोटं का बोललो ते मला नीट सांगता येत नाही. खात्री करून मग सांगू, असं मनाशी म्हटलं. खात्री तर झालीच होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धुळ्याच्या झुलालचा फोन आला. जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं, त्याला मी गुरुवारीच विचारून ठेवलं होतं.

"नाना, डबा शे. जुना शे, पन कोरडा शे. कव्हय येतस लेवाले?"

मी म्हणालो, न्यायला कधी येईन ते बघतो, पाय दुखतोय.

"मग बसमा टाकी देऊ का? कंडक्टर वळखना शे."

मी म्हणालो, बसने पाठवू नको, ठेव, मला हातात घेऊन बघायचाय.

कुंदा ऐकत होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "शेवग्याच्या शेंगा आणायला परवा यावलपर्यंत गेलात, तेव्हा पाय दुसऱ्याचा होता का?"

मी पाय चोळत बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गाडी नसली तर ते एसटीने जातील हो. सामान टेम्पोने जाईल."

"कसलं सामान?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी करपली नव्हती, तरी उलटली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गाडी तशीच उभी. रहीम रोज येतो, तिच्याभोवती एक चक्कर मारतो आणि आपल्या स्टुलावर बसतो. दोन गिऱ्हाइकं आली हेडलाइटची, त्याने परत पाठवली. एवढं सोपं काम. मी विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला. आपली सोल्डरिंग गन माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिली. म्हणाला, असू दे तिथेच.

आज मी उगीच इंजेक्टर परत काढले आणि परत बसवले. त्याला दिसावं म्हणून. हात काम करत होते, मन कुठे नव्हतं. घरी येऊन जेवलो नाही. कुंदाने आग्रह केला नाही, दूध ठेवलं.

मी एवढं आयुष्य गिऱ्हाइकाला दोष सापडला की सापडला म्हणून सांगितलं. कितीही लाजिरवाणा असो, कितीही त्याचीच चूक असो. एकदाही गाडी अडवून ठेवली नाही. हे पहिल्यांदा करतोय आणि तेही कुणाच्या गाडीबाबत.

२३ फेब्रुवारी, रविवार

रविवारी गॅरेज बंद. मी तरी आलो. रहीम आधीच शेडमध्ये बसलेला. त्याच्या पायाशी गोणपाट पसरलेला आणि त्यावर डबा.

मी शेजारी बसलो. हायवेवरून केळीचे ट्रक जात होते.

"कव्हा सापडला?" त्याने विचारलं.

"बारा तारखेला."

"मला वाटलंच. तू इंजेक्टर दोनदा काढत नसतो." मग म्हणाला, "मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच भरली काठोकाठ. धक्के मारून."

"मग बोलला का नाही? दीड महिना मी गाडीखाली लोळतोय."

"बोललो असतो तर तू विचारलं असतं, किती वेळा भरली."

"किती फेऱ्या झाल्या?"

"अकरा."

"मला तीन सांगितल्या."

"तू विचारलंच तीनदा."

मला हसू आलं. त्यालाही आलं. पण ते फार टिकलं नाही. मग त्याने सांगितलं. फैजने शेजारची खोली घेतली आहे. घर बघायला, कागदाला, रंगाला, परत परत जावं लागलं. नशिराबादचं घर भाच्याला दिलं. जैनबने होकार द्यायला चार महिने घेतले, आणि तिने दिल्यावर याने मला सांगायला तीन.

"कायमचं?" मी विचारलं.

तो डब्याकडे बघत राहिला. "फैज म्हणतो, अब्बा, आता बस करा. आराम करा."

"आणि तू काय म्हणतो?"

"मी काय म्हणणार. स्क्रू पडला की मला आता तो जमिनीवरून उचलता येत नाही, तोता. हातातली वायर जाड आहे का बारीक, ते बघून सांगतो, बोटाला कळत नाही. तुला वाटतं थंडी. थंडी गेली की."

मी त्याचा हात हातात घेतला. सवय नसल्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, म्हणून सोडला.

"झुलालकडे डबा आहे," मी म्हणालो. "आठवड्यापासून आहे."

"मग उठ," तो म्हणाला. "आज दुकान बंद असेल. मंगळवारी जाऊ."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोघे एसटीने धुळ्याला. त्याला खिडकी दिली. पारोळ्यापर्यंत तो झोपला, माझ्या खांद्यावर. खांदा अवघडला, हलवला नाही.

झुलालने डबा काढला. मी वजन पाहिलं, हलवून आवाज ऐकला, एका बाजूने फुंकलं. रहीमने पण मागितला. दोन्ही तळव्यांत धरून तोलला, बोटांनी नाही. म्हणाला, चांगला आहे. त्याचं खातं नव्हतं, तरी त्याचं मत घेतलं.

झुलालला रहीमच्या तिथल्या दिवसभराची काळजी. विचारत होता, "रहीमभाऊ, सुरतले काय करशात बठ्ठा दिन?"

"नातवाचा स्टार्टर बिघडलाय," रहीम म्हणाला. "सकाळी उठत नाही. तो दुरुस्त करणार."

कामिनीकडे जेवलो. तिने रहीमकाकांना वाढताना विचारलं, किती दिवस राहणार तिकडे. त्याने आणखी एक भाकरी मागितली. ती समजली. मास्तरीण आहे, तिला लवकर समजतं. माझ्यावर गेली नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, उपास. डबा बसवला, तिसरा व्हॉल्व्ह टाकला, नळ्यांतली सगळी खडी हवा मारून काढली. अंग मोडून गेलं. पण काम करताना पंधरा दिवसांत पहिल्यांदा हात माझे वाटले.

मग दोघे पंपावर गेलो. नळी खटक करून थांबली. रहीमचा कुल्ला सवयीने गाडीकडे वळला. मी नुसतं पाहिलं. तो मागे सरकला आणि पंपवाल्याला म्हणाला, "बस. नाना सांगतात ते ऐकायचं असतं."

गाडी लागली. पहिल्या चावीला, भरल्या टाकीवर, धूर नाही. पिवळा दिवा पुसला तो परत आला नाही. पीयूसीचं यंत्र पास म्हणालं.

दोष सापडला, दूर झाला, गाडी परत दिली. इतर कुठल्याही दिवशी मी एवढ्यावर खूश झालो असतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला निघाले. टेम्पो काल पुढे गेला. जैनब भाभी आणि कुंदा अंगणात उभ्या राहिल्या, दोघींनी एकमेकींचे पदर नीट केले. रहीमने शेडमध्ये जाऊन फ्यूजबोर्डाचं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं. मला म्हणाला, "शटरला तेल घाल. म्हणून जड लागतं."

गाडी वळणापर्यंत दिसली. धुराड्याकडे बघत होतो, सवय. काही दिसलं नाही. चांगलं काम झालंय.

त्याच्या डॅशबोर्डच्या खणात एक चिठ्ठी ठेवली आहे. ती आठवते तशी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे काय लिहिलं ते विसरणार नाही.

"रहीम, डबा जुना आहे पण चांगला आहे, सांभाळलास तर तुझ्या नातवापर्यंत चालेल. आता तू स्वस्त पंपाशेजारीच राहणार. पेट्रोल साठवून आणायचं ते कुठे आणि कशासाठी? पहिल्या खटक्याला थांबत जा. आठ दिवसांतून एकदा तरी गाडी बाहेर काढ, उभी राहिली की बिघडते. बोटांना एरंडेल चोळ, जैनब भाभीला सांगितलंय. डॉक्टरला दाखव. फैजला सांगायला लाजू नको, तू लाजतोस.

पुढची टाकी भरलीस की गाडी पहिल्या चावीला लागते का, ते मला कळव. फोन करू नको. फोनवर तू सगळं ठीक म्हणतोस. कागदावर लिही. तुझ्या बोटांना पेन धरवत नसेल तर नौशीनला बसव, सून फैजपूरच्या मराठी शाळेत शिकली आहे, तू सांग आणि ती लिहील. गाडीचं लिही, आणि दुसरंही काही असेल तर लिही. पण लवकर लिही."